मापारी गुरुजींचे पंधरा दिवस

मापारी गुरुजींच्या शाळेत वर्षाचे पहिले पंधरा दिवस कोणाचंच गणित चुकत नसे. पाचवीतलं पोरगं सात आठे चौसष्ट म्हणो, नाहीतर सातवीतलं अपूर्णांक उलटा टांगो, गुरुजी वहीवर बोट ठेवून एवढंच विचारत, "कसं काहाडलं बापू?" पोरगं जे सांगेल ते मान हलवत ऐकून घेत आणि पुढच्याकडे सरकत. खूण नाही, फुली नाही. लाल शाईची दौत त्या पंधरा दिवसांत कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली गुरुजींच्या करदोट्याला. शाळा उघडायची सव्वीस जूनला. म्हणजे जुलैचा दुसरा आठवडा लागेपर्यंत एटापल्लीच्या अलीकडल्या त्या जंगलात गणित हा विषय पूर्णपणे निर्दोष असायचा.

मी मूळचा वरोऱ्याचा. डी.एड.ला गणितात पहिला आलो होतो, आणि ही बातमी मी तिथे पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत फोडली. पोचलो होतो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेतल्या नाल्याच्या गाळाने ठेवून घेतली होती. गुरुजींनी माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

"पाच फूट अन् चार बोटं," ते म्हणाले. "पाय आठ नंबर. आमच्या इथी आठ नंबर भेटत नाई मास्तर. पयला नंबर आला ते बरं झालं, पन बाजाराच्या दिवसापर्यंत असंच फिरा."

मापारी हे त्यांचं आडनाव नव्हतं. गावाने ठेवलेलं नाव होतं ते. गुरुजी सगळं मापत. फळ्याची लांबी वितीने, वर्गाची पावलांनी, नाल्याचं पाणी काठीवर बोट धरून, आणि माणूस नुसत्या डोळ्यांनी. ते ब्रह्मपुरीकडचे, धानाच्या पट्ट्यातले. त्यांचे वडील खळ्यावर मजुरी करत. रास स्वतः घालायची, पण धान मापायच्या लाकडी कुडोला हात लावायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. घर बौद्ध झालं ते पुष्कळ नंतर. हे गुरुजींनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता. पण लोक त्यांना मापारी म्हणायला लागले तेव्हा ते चिडले नाहीत, उलट हाक मारली की जरा ताठ होऊन वळत, याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

माझा पहिला तास ते दारात उभं राहून ऐकत होते. मी छातीठोकपणे सुरुवात केली, "समजा, एका टोपलीत बारा सफरचंदं आहेत." पोरं गप्प. मी पुन्हा म्हटलं. मागून एकाने विचारलं, "गुरुजी, ते झाडाले लागते का वेलाले?" दुसरा म्हणाला, "वेलाले रे, डांगरासारखं." मग वर्गात सफरचंदावर जोरदार चर्चा झाली आणि गुणाकार तसाच राहिला.

तास संपल्यावर गुरुजी म्हणाले, "मास्तर, तुमी तरी खाल्लं का सफरचंद?"

"एकदा. टायफॉइड झाला होता तेव्हा."

"मंग? तुमाले ताप आला तवा बारा कोनी आनले होते?"

हे असं होतं. मी त्यांच्यावर चिडायचो आणि चिडता चिडता हसायचो. आमचं जमायचं.

पंधरा दिवसांचं मात्र मला पटत नव्हतं. त्यामागचं कारण गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, हा भाग वेगळा. तिथली पोरं मे महिन्यात आईबापांबरोबर तेंदूची पानं तोडत. पहाटे तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडकी बांधायची, आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या जागेवर, नेऊन द्यायची. एका पुडक्यात सत्तर पानं. एकोणसत्तर झाली तर ठेकेदाराचा मुनशी पुडकं फेकून देणार, एकाहत्तर झाली तर आपलं नुकसान. त्यामुळे शंभर हा आकडा शाळेतला आणि सत्तर हा पोटातला. पोरं जूनमध्ये यायची ती डोक्यात सत्तर घेऊनच.

म्हणून गुरुजी पाचवीचं वर्ष सत्तरच्या पाढ्याने सुरू करत. सत्तर, एकशे चाळीस, दोनशे दहा. तो पाढा पोरं न अडखळता म्हणत; दोनाचा म्हणताना अडखळणारीसुद्धा. मग गुरुजी वर्गात खाली बसत, पळसाच्या पानांचं एक पुडकं बांधायला लावत आणि विचारत, "आता याले शंभर कराचं हाये. किती पानं लागन?" इथून ते तीस, साठ, नव्वद अशी एकेक पायरी टाकत पोरांना पुस्तकातल्या शंभरापर्यंत नेत. पंधरा दिवस लागत. "पयले पाहा," ते मला म्हणाले, "तपासाले वरीस पडलं हाये. पोरगं कुठी उभं हाये तेच मालूम नसन तं त्याले इकडे ये म्हनून काय फायदा?"

मला हा म्हातारपणाचा आळस वाटला. मी वरोऱ्याहून येताना स्वतःचं लाल पेन आणलं होतं.

सोमी त्या वर्षी पाचवीत आली. तिचा टोला शाळेपासून तासाभराच्या वाटेवर. दहा-बारा घरं, सगळी गोंडांची. तिथून आजवर एकही मुलगी चौथीच्या पुढे गेली नव्हती. गुरुजी सुटीत ब्रह्मपुरीला घरी न जाता मे महिन्यात फळीफळीवर हिंडत, आणि तिथे त्यांनी सोमीला हेरलं. सगळ्या टोल्याची पुडकी ती एकटी मोजत होती, तोंडाने. गुरुजी तिच्या बापाजवळ जाऊन बसले ते चार दिवस बसतच राहिले. पाचव्या दिवशी बाप म्हणाला, "घेऊन जा गुरुजी. पन धान रोवन्याच्या टायमाले माह्या कामाची हाये थे. तिले शाळेत जमलं नाई, तं मी परत धाडनार नाई. सांगून ठेवतो."

एवढं सगळं मला ठाऊक होतं. त्या मुलीचं शिकणं केवढ्याशा धाग्यावर लटकलेलं आहे ते गुरुजींनी मला स्वतः सांगितलं होतं.

शाळा उघडून चौथा दिवस. गुरुजींना पंचायत समितीत बैठकीला जायचं होतं. जाताना म्हणाले, "पाचवीले बाहेर खेळवा." मी मान डोलावली आणि सायकल दिसेनाशी झाल्यावर फळ्यावर पाच उदाहरणं लिहिली. पूर्वज्ञान चाचणी. डी.एड.च्या पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं आणि ते मला पाठ होतं.

सोमीचा कागद हातात आला आणि मला हसू फुटलं. चोवीसचे आठ गट, एकूण किती? तिने लिहिलं होतं दोनशे बावन्न. साडेतीनशे अधिक पंच्याहत्तर? पासष्ट. पाचशेतून ऐंशी वजा? सहा. पुढची दोनही तशीच. कुठे पायऱ्या नाहीत, मांडणी नाही, नुसती उत्तरं.

माझ्यात एक वाईट खोड होती, अजून आहे. विनोद सुचला की तो गिळता येत नाही. मी कागद वर धरला आणि नाटकी आवाजात म्हणालो, "ऐका मंडळी! पाचशेतून ऐंशी गेले, उरले सहा! मग बाकीचे चारशे चौदा कोणी खाल्ले? वाघाने?"

वर्ग हसला. खूप हसला. मी आणखी थोडं ताणलं. वाघ कसा चालत आला, आकडे कसा चावत बसला, ते करून दाखवलं. त्या पोरांना शाळेत कोणी असं हसवलं नसावं. सोमी पहिल्यांदा आजूबाजूला पाहत होती, कोणाला हसताहेत म्हणून. मग तिला कळलं. ती रडली नाही. तिने कागद परत मागून घेतला, नीट पाहिला, आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवला. मधल्या सुटीनंतर ती वर्गात नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "सोमी कुठी हाये?" तेव्हा मी त्यांना सगळा किस्सा सांगितला. किस्सा म्हणूनच सांगितला. वाघाची चालसुद्धा करून दाखवली. गुरुजी हसले नाहीत.

"कागद कुठी हाये?"

कागद त्यांनी खिडकीशी नेला. ओठ हलत होते. मग तिथूनच, वळून न पाहता म्हणाले, "मास्तर, पाचही बरोबर हायेत."

मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांचं काही झालं असावं.

"चोवीस आठे किती?"

"एकशे ब्याण्णव."

"त्याचे पुडके बांधा. दोन पुडके, वर बावन पानं. पोट्टीनं दोन लिवलं, जागा सोडली, बावन लिवलं. तुमाले जागा दिसली नाई. हे पाहा, चारशे पंचवीस. सहा पुडके, वर पाच. हे चारशे वीस. पुरे सहा पुडके, वर काईच नाई." त्यांनी कागदाची घडी केली. "एका मिन्टात सगळे आकडे सत्तरात फिरवले तिनं, मनातल्या मनात. तुमाले येते का मास्तर? मले नाई येत. मले कागद लागते."

विनोद सुचला नाही, आणि दुसरं काही मला बोलताच येत नव्हतं.

शाळा सातवीच्या मोठ्या पोरांवर सोपवून आम्ही दोघं तेव्हाच निघालो. टोल्यावर पोचलो तेव्हा सोमीचा बाप बांध घालत होता. "जोहार गुरुजी," तो म्हणाला, अगदी नेहमीसारखं. मग कुदळ न थांबवता, "थे सांगून राह्यली मले शाळेत येत नाई. नवे गुरुजीबी हसले म्हनते. तं मंग रोवन्याले राहू द्या." मी म्हणालो, चूक माझी झाली, तिची सगळी उत्तरं बरोबर होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलीने शाळा सोडल्यावर तिच्या दारात आलेला कोणता गुरुजी असं म्हणणार नाही? त्याला ते नुसतं समजूत घालणं वाटलं.

सोमी बांधापलीकडे येनाच्या झाडांत गेली होती. ती तिथेच होती, कारण शाळेचा पांढरा झंपर खोडांमधून दिसत होता. थोडा वेळ दिसे, मग नाही. गुरुजींनी गोंडीत हाका मारल्या. उत्तर नाही. मग मी पुढे झालो आणि ओरडलो, "सोमी, पाचही बरोबर आहेत! दोन पुडकी बावन्न, बरोबर आहे!" कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, वरोऱ्याचा मास्तर झाडांचे पेपर तपासतो आहे. "सहा पुडकी बरोबर!" मी ओरडत राहिलो. पांढरं काही पुन्हा दिसलं नाही. पण ती ऐकत होती, मला पक्कं वाटत होतं, आणि माझा आवाज तिला कालच्यासारखाच वाटत असणार, हेही वाटत होतं.

परतताना गुरुजी पुढे चालत होते. नाल्यात उतरताना म्हणाले, "माह्या हातूनबी एक गेला होता. नवीन होतो तवा. पाटी पुसून टाकली मी त्याची, न पाहता." पलीकडे चढून वर आल्यावर पुढचं वाक्य आलं. "मंग हे पंधरा दिवस काहाडले."

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त हजेरी घेताना सोमीचं नाव गाळायचं नाही, असं सांगितलं. "पटावर हाये ना? मंग पुकारा."

तेव्हापासून रोज सकाळी मी तिचं नाव घेत असे. घेऊन थांबत असे, जितकं बाकीच्यांसाठी थांबतो तितकं. सुरुवातीला पोरं खुसखुसत. मग नुसती गप्प बसत. ती शांतता पुढच्या नावापर्यंत दोन-तीन श्वासांची असे, पण दिवसभर माझ्याबरोबर फिरायची. जेवताना ती यायची, नाल्यावर कपडे धुताना यायची. पाचशेतून ऐंशी कोणी वजा केले की मला झाडांमधला तो झंपर दिसायचा. दुसऱ्या वर्षी, सहावीत, मी नाव घेतलं आणि मागून बारीक आवाजात "हजर" आलं. हजेरीपट माझ्या हातून पडला. आदल्याच दिवशी दाखल झालेली एक मुलगी होती ती. पुकारलं की हजर म्हणायचं, एवढंच तिला घरून शिकवलं होतं. पोरं हसली. त्या वेळी हसण्यासारखा मीच होतो, त्यामुळे हरकत नव्हती. पण त्या दिवशी मला पुढची नावं वाचता आली नाहीत. गुरुजींनी वाचली.

आम्ही टोल्यावर जात राहिलो. सोमी भेटत नसे. कधी जंगलात गेलेली, कधी मामाकडे सूरजागडच्या अंगाला. दुसऱ्या उन्हाळ्यात गुरुजी म्हणाले, "फळीवर चला. तिथून कुठी पळन?"

संध्याकाळची वेळ होती. पुडक्यांच्या ओळी मांडलेल्या, त्यांच्या मधून सोमी चालत होती. उंच झाली होती. मुनशी मागून वही घेऊन येत होता आणि ती तोंडाने आकडे सांगत होती. एके ठिकाणी मुनशी म्हणाला, "अकरा ओळी." ती न थांबता म्हणाली, "बारा. एक गवतात हाये." मुनशीने वाकून पाहिलं आणि खोडून बारा केलं. गुरुजींनी माझं कोपर दाबलं.

काम संपल्यावर ती आपणहून आली. गुरुजींना जोहार केला, मलाही केला. गुरुजी म्हणाले, "सोमी, हे मास्तर माफी मागाले आले."

"कायची जी?"

मी सांगू लागलो. तो कागद, ती जागा, दोन पुडकी बावन्न. दोन वर्षं मनात घोळवून गुळगुळीत केलेली वाक्यं होती ती. ती ऐकत होती, पण पाहुण्याचं ऐकतात तशी. मग तिने मलाच धीर दिला.

"जाऊ द्या ना गुरुजी. तुमचं कायचं चुकलं? मले गणितच येत नाई."

हे ती सहज म्हणाली. आपल्याला पोहता येत नाही म्हणावं तसं. पलीकडून मुनशीने हाक मारली, "सोमी, हे किती झालं वो?" तिने मान वळवून नुसतं पाहिलं, आकडा सांगितला, आणि पुन्हा आमच्याकडे वळून विचारलं, "पानी आनू का?"

सव्वीस जूनला शाळा उघडली. मी सातवीचा नवा पट लिहायला घेतला तेव्हा गुरुजी खुर्चीमागे येऊन उभे राहिले. सोमीचं नाव आलं. माझं पेन थांबलं. "नोको लिवू आता," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मापलं आपन. नाई पुरलं."

गुरुजींची जन्मतारीख एक जुलै. त्या पिढीत ज्याला त्याला शाळेत घालताना हीच तारीख चिकटवलेली असायची. त्यामुळे ते त्याच तीस जूनला निवृत्त झाले, म्हणजे त्यांच्या पंधरा दिवसांतले पाच दिवस पुरे करून. निरोपाला माणसं बरीच आली. भाषणं झाली. मी भाषणात सगळ्यांना हसवलं. आठ नंबरची चप्पल, सफरचंद, सगळं काढलं. सोमीचं काढलं नाही. गुरुजी शेवटपर्यंत हार गळ्यात तसाच ठेवून बसले होते.

गाडीच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. एक ट्रंक, एक वळकटी. दोन वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी तिथे विचारलं.

"गुरुजी, तुम्ही मला एकदा तरी रागवायचं होतं. तेव्हाच, त्याच दिवशी. काऊन नाही रागावले?"

एसटी आली. मी ट्रंक चढवली. गुरुजींनी पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रागावलो असतो तं तुमी सुटले असते, मास्तर. मले सुटलेला मास्तर नोको होता या पोट्ट्यांसाठी."

कंडक्टरने दार ओढून घेतलं. मी हात वर केला होता. निरोप द्यायला, की वर्गात पोरं करतात तसा काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं. गाडी सागवानाआड गेली, आवाजही गेला, तरी तो हात खाली घ्यायचं मला सुचलं नाही.